जबड्याचा सांधा दुखतो तेव्हा

मनमाड जंक्शनवर तुम्ही रुळांचे सांधे पाहिलेच असतील. या सांध्यांवरूनच एक गाडी भुसावळकडे जाते, तर दुसरी दौंडकडे वळते. सुरुवातीला रूळ शेजारी-शेजारी धावतात, म्हणून नवख्याला फरक कळत नाही. काही आजारांचेही असेच असते. आरंभ सारखा, वाट मात्र निराळी!

आता एक प्रयोग करा. दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटे ठेवा आणि तोंड सावकाश उघडा, मिटा. बोटांखाली काही हलले ना? तोच जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याचे वाटोळे टोक कवटीच्या खोबणीत बसते. दोहोंमध्ये एक चिवट चकती असते. तोंड उघडताना हे टोक फिरते आणि पुढेही सरकते.

चकती जागची हलली, किंवा झोपेत दात खाण्याने स्नायू थकले, की सांधा वाजतो, दुखतो. हा त्रास पुष्कळांना होतो. मऊ अन्न, शेक आणि विश्रांती यांनी तो बहुधा काही आठवड्यांत कमी होतो.

पण क्वचित याच जागी हाडाची गाठ, म्हणजे अर्बुद, वाढते. ऑस्टिओकाँड्रोमा या अर्बुदात हाडाला कोंब फुटतो व त्यावर कूर्चेची टोपी असते. गुडघ्याजवळच्या हाडांत ते आढळते. जबड्याच्या सांध्यात फार विरळा. हा कर्करोग नव्हे. ऑस्टिओसार्कोमा हा मात्र हाडाचा कर्करोग आहे. दोन्हींत प्रारंभी दुखणे आणि तोंड कमी उघडणे एवढेच जाणवू शकते. म्हणून नेहमीचेच दुखणे समजून नुसता शेक घेण्यात महिने जातात.

मग ओळखायचे कसे? नेहमीचा त्रास कमीजास्त होत राहतो. गाठ वाढत जाते. हनुवटी एका बाजूस सरकणे, दात पूर्वीसारखे न जुळणे, कानापुढील सूज वाढणे, खालचा ओठ बधिर होणे, यांपैकी काहीही दिसले तर तो लाल बावटा समजा.

राँटगेन यांनी १८९५ साली शोधलेल्या क्ष-किरणांनी हाडातला बदल दिसतो. सी. टी. स्कॅनने गाठीचा आकार कळतो. गाठ कोणती, हे मात्र तिचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ठरवतात. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे.

तेव्हा जबडा वाजला म्हणून घाबरू नका. पण काही आठवड्यांनीही दुखणे हटले नाही, तर घरी सांगा आणि दंतवैद्यांना दाखवा. लवकर ओळखलेल्या गाठीवर उपचार करणे सोपे जाते.