राहत्या घराची दुरुस्ती



येळवस सरली, तुरीची रास होऊन हाती चार पैसे आले की आपल्या बीदर-कलबुर्गीकडच्या गावांत जुनी घरे दुरुस्तीला निघतात. घरभेटीला गेलो की आम्ही नेहमी पाहतो : एका खणात गवंडी भिंत उकरतो आहे आणि शेजारच्या खणात चूल पेटली आहे, पाळणा टांगला आहे. काम संपेपर्यंत जायचे कुठे, ही अडचण खरी आहे. म्हणून घरात राहून काम कसे करावे आणि पैसा आधी कशावर घालावा, याचा आज विचार करू.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आपल्या आळंदला लागून असलेला उमरगा तालुका हादरला. हजारो माणसे झोपेतच दगावली. त्यांना मारले ते मुख्यतः घरांच्या भिंतींनी. त्या भिंती आपल्यासारख्याच होत्या : आतून एक दगडी थर, बाहेरून दुसरा, मध्ये माती व दगडगोटे. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही आणि वर मातीच्या माळवदाचे ओझे. हादरा बसताच थर सुटून भिंती ढासळल्या. पुष्कळ घरांत लाकडी खांब व तुळया मात्र उभ्या राहिल्या.

त्यानंतर काही गावे नव्या जागी वसली. पण लाखाहून अधिक घरे जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करण्यात आली. म्हणजे जुने घर पाडलेच पाहिजे असे नाही. आपल्याकडेही धोका नाही असे समजू नये. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिंचोळी तालुक्यातील गडिकेश्वर भागात वारंवार धक्के बसले, तेव्हा लोकांनी रात्री घराबाहेर काढल्या.

पैसा आधी कशावर?

१) माळवदाचे ओझे. दर पावसाळ्याआधी नवी माती टाकून थर हातभर जाड झालेला असतो. तो उतरवून वीतभर ठेवावा व पाणी मुरू नये म्हणून खाली प्लास्टिकचा कागद घालावा. माती सर्व बाजूंनी सारखी उतरवावी. भिंतीला हात लावण्याआधी हे काम करावे.

२) भिंतीची शिवण. सुमारे मीटरभर अंतराने भिंतीत आरपार भोक पाडून त्यात वाकवलेली सळई व काँक्रीट भरतात. दगड हाताने हलवून सोडवावा, घणाचे घाव घालू नयेत. एका वेळी थोडीच भोके घ्यावीत. कोपरे विसरू नयेत. भिंतीला पोट आले असेल, तर त्यावर सिमेंटचा गिलावा चढवून ते झाकू नये. तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा. हे काम जाणत्या इंजिनिअरला दाखवून करावे.

३) खांब. खोली मोठी दिसावी म्हणून मधला खांब काढू नये. प्रसंगी तोच माळवद तोलून धरतो.

शहाबादी फरशी व रंग पुढच्या वर्षी झाले तरी चालतील. भिंतीची शिवण मात्र घर उघडे असतानाच घालता येते.

राहणाऱ्यांसाठी नियम

१) एका वेळी एकच खण उघडावा. ज्या खणाचे माळवद किंवा भिंत उघडी आहे तेथे, आणि त्याच भिंतीला लागून असलेल्या खणातही, कोणी झोपू नये. जनावरेही बांधू नयेत.

२) दम्याचे रोगी, गरोदर स्त्रिया, तान्ही मुले व म्हातारी माणसे यांना माती उतरवण्याच्या दिवसांत नातलगांकडे पाठवावे.

३) माती व दगड हलवताना पाणी शिंपडावे, नाकातोंडाला ओले फडके बांधावे. धान्य, पीठ व पिण्याचे पाणी दुसरीकडे झाकून ठेवावे.

४) चुना विझवण्याच्या खड्ड्याला कुंपण घालावे. चुना वा सिमेंट डोळ्यांत गेल्यास डोळा चोळू नये. लगेच वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा, मग दवाखाना गाठावा.

५) जुन्या मातीत विंचू व साप असतात, उघड्या हाताने उकरू नये. खिळा लागला तर धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारावे.

६) नव्या कामावर मारायचे पाणी साठवलेली पिंपे आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावीत. नाहीतर डेंग्यूचे डास तेथेच वाढतील.

सर्वांत मोठा भार घरच्या बाईवर पडतो. ती धुळीतच स्वयंपाक करते, मजुरांचा चहा करते आणि रात्री ढिगारा झाडते. काम सुरू होण्याआधी अंगणात आडोसा करून तिची चूल व मोरी तेथे मांडून द्यावी. ढिगारा रोजच्या रोज पुरुषांनी उचलावा.

मृगाला तीन-चार महिने आहेत. जेवढे खण तोवर झाकून होतील तेवढेच यंदा उघडावेत. आज संध्याकाळी घरच्या सर्वांनी दिवा घेऊन भिंती पाहाव्यात : पोट कोठे आले आहे, भेग कोठे आहे, आणि आपली मुले कोणत्या भिंतीखाली झोपतात?