पार्सल आलं, मागोमाग चिलटं आली : घरगुती खाद्य व्यवसायासाठी आवक तपासणीचा धडा



कालच्या व्हिडिओत मी "आवक तपासणी" हा शब्द दोन-तीन वेळा वापरला. त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला : "सर, ही मोठ्या कंपन्यांची भानगड झाली. आम्ही घरच्या स्वयंपाकघरात लाडू-चिवडा करतो. आम्हाला कशाला आवक-जावक?"

प्रश्न बरोबर आहे. कारण दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो. मग आमच्याच घरात जे घडलं, त्यानंतर म्हणायचं बंद केलं. आज तीच गोष्ट सांगतो, आणि शेवटी त्यातून तयार झालेली पद्धत देतो. वही-पेन घेऊन बसा.

काय घडलं?

आम्ही त्र्यंबकेश्वरला राहतो. माझी बायको नागलीचे लाडू करते. श्रावण आला की आमच्या गावाचं रूपच बदलतं. सोमवारी दर्शनाची गर्दी असतेच, पण तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जे लोक येतात, त्यांना पाय ठेवायला जागा नसते. छोट्या धंदेवाल्याची वर्षाची कमाई अशाच चार-दोन दिवसांत होते. बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने त्या सोमवारसाठी ७ किलो लाडवांची ऑर्डर दिली होती.

त्यासाठी आम्ही २० किलो गूळ पार्सलने मागवला. बुधवारी खोका आला. पाऊस कसा पडत होता ते आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हा नाशिक जिल्ह्यातला जास्त पावसाचा पट्टा. खोक्याचा तळ ओला होता. गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे खालच्या दोन ढेपांना पाणी सुटलं होतं.

बायको म्हणाली, "अहो, हा खोका बाहेर टाका."

मी म्हणालो, "अगं, चांगला जाड खोका आहे. पुढे पार्सल पाठवायला उपयोगी पडेल. राहू दे."

चांगल्या ढेपा डब्यात गेल्या. दोन पाझरलेल्या ढेपा "चहाला वापरू" म्हणून पातेल्यात झाकून ठेवल्या. आणि खोका, आतल्या प्लास्टिकसकट घडी घालून, मोरीजवळच्या भिंतीला टेकवला. माणूस काटकसर करायला जातो आणि कुठे फसतो बघा!

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी, म्हणजे नवव्या दिवशी, ओट्यावर चार-पाच चिलटं दिसली. आईने ओवाळल्यासारखी उदबत्ती फिरवली. रात्री मी बाजारातला फवारा आणून मारला, तोही स्वयंपाकघराच्या दाराबाहेरून. सकाळी उठून बघतो तर चिलटांचा थवा. आणि आदल्या दिवशी भरलेल्या लाडवांच्या एका डब्यात, झाकणाच्या आत, एक मेलेलं चिलट.

आई म्हणाली, "एकच तर आहे. उचलून टाक आणि दे पाठवून."

बायको म्हणाली, "आई, एक दिसलं. न दिसलेली किती असतील?"

मित्रांनो, धंद्यात खरी परीक्षा असते ती हीच. कोणी बघत नाही, ऑर्डर हातची जाणार आहे, आणि वस्तू वरून चांगली दिसते आहे. मी दुकानदाराला फोन केला आणि जे आहे ते सांगितलं. तो वैतागला. ऐन सोमवारी तोंडघशी पाडलंत म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही. सातही किलो लाडू आम्ही बाजूला काढून टाकले, आणि शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस काम बंद ठेवलं. गाव माणसांनी भरलेलं आणि आमची शेगडी बंद!

मारण्याआधी ओळखा

आमची पहिली चूक म्हणजे आम्ही माशी मारत बसलो, तिचं घर शोधलं नाही. डोळ्यांना दिसते ती मोठी झालेली माशी. तिच्या मागे अंडी, अळ्या आणि कोष असतात. फवाऱ्याने उडणारी माशी मरते, ओल्या घाणीत दडलेली अळी मरत नाही. आज मारलं, उद्या नवीन बाहेर पडते.

म्हणून आधी ओळखा कोण आहे.

१. घरमाशी. आपली नेहमीची करडी माशी. अंडी घालते शेणात, उकिरड्यावर, कुजलेल्या कचऱ्यात. एका वेळी शंभराच्या आसपास. उबदार हवेत सात ते दहा दिवसांत अंड्याची माशी होते. ही सर्वांत घातक, कारण तिला चावता येत नाही. ती अन्नावर लाळ टाकून ते पातळ करते आणि मग शोषून घेते. आधी उकिरडा, मग तुमचा लाडू. घरात घरमाश्या वाढल्या तर कचऱ्याचा डबा, गोठा, उघडं गटार बघा.

२. चिलट. जेमतेम तीन मिलिमीटर. डोळे बहुतेकदा लालसर. पिकलेली फळं, आंबलेला गोड पदार्थ, सांडलेला रस, ओलं फडकं यावर. साधारण २५ अंश तापमानात आठ ते दहा दिवसांत नवी पिढी तयार. एक मादी आयुष्यात काहीशे अंडी घालते. ही इतक्या झटपट आणि इतक्या थोड्या जागेत वाढते, की शास्त्रज्ञांनी तिला प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये पाळलं. थॉमस हंट मॉर्गन यांना १९३३ चं नोबेल मिळालं ते या चिलटांवर केलेल्या आनुवंशिकतेच्या अभ्यासामुळे. ज्याला बाटली पुरते, त्याला आमच्या खोक्याची घडी म्हणजे बंगलाच!

३. मोरीची माशी. अंगावर बारीक लव, पंख पतंगासारखे. नीट उडत नाही, बाथरूमच्या भिंतीवर बसून राहते. मोरीच्या पाइपात जो चिकट थर साचतो, त्यात ती वाढते.

४. धान्याचं पाखरू. ही माशी नाहीच, पण लोक गल्लत करतात. पिठात, रव्यात, सुक्यामेव्यात जाळी धरलेली दिसली तर हे समजा. इथे उपाय वेगळा : तो माल बाजूला काढा आणि डबा रिकामा करून कोरडा पुसा.

मोरीवर संशय असेल तर सोपी चाचणी आहे. रात्री मोरीची जाळी कोरडी करून त्यावर चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली. हवा जायला थोडी फट ठेवा. सकाळी पट्टीला माश्या चिकटलेल्या असतील तर घर मोरीत आहे. नसतील तर एक-दोन रात्री परत करून बघा आणि मग दुसरीकडे शोधा. आमच्याकडे दोन्ही रात्री पट्टी स्वच्छ निघाली.

दिवस उलटे मोजा

रविवारी बायकोने कॅलेंडर समोर घेतलं आणि म्हणाली, "चिलटं शुक्रवारी दिसली. आठ-दहा दिवस मागे जा. घरात नवीन काय आलं?"

उत्तर एकच होतं. बुधवारचा गूळ.

मोरीजवळचा खोका उघडला. प्लास्टिकच्या घड्यांमध्ये गुळाचा पाक साचून आंबला होता. वास ताडीसारखा. त्यात बारीक पांढऱ्या अळ्या आणि पुठ्ठ्याच्या कडेला कोंड्यासारखे तपकिरी कोष. चहासाठी ठेवलेल्या पातेल्याच्या झाकणाखालीही तेच.

आता चिलटं खोक्यातून आली की खोक्याच्या वासाने बाहेरून आली, हे कोणी सांगू शकत नाही. धंद्याच्या दृष्टीने फरकही पडत नाही. पाळणाघर आपण चालवलं, हे खरं. म्हणून मी गूळवाल्याला दोष देत नाही. ओला खोका दारात आला तो पावसाने, पण तो नऊ दिवस घरात राहिला तो माझ्यामुळे.

मग आम्ही काय केलं?

१. खोका, प्लास्टिक आणि पातेल्यातला गूळ मोठ्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं आणि त्याच दिवशी घंटागाडीत दिलं. परसात फेकलं नाही. परसातून परत आत यायला चिलटाला वेळ लागत नाही.

२. जिथे खोका होता ती भिंत, फरशी, मांडणीच्या खालच्या फटी गरम पाणी आणि साबणाने घासल्या. चिकटपणा राहिला तर काम झालं नाही असं समजा. मोरीचा पाइपही ब्रशने घासला. नुसतं गरम पाणी ओतून तो थर जात नाही.

इथे एक धोक्याची सूचना : ब्लीचिंग आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

३. सापळे लावले. वाटीत थोडं व्हिनेगर, चिमूटभर गूळ, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. वर प्लास्टिक ताणून काडीने भोकं पाडली. वासाने चिलट आत जातं आणि लिक्विडमुळे पाण्यावर तरंगू न शकता बुडतं. हे सापळे माल बनवायच्या जागेपासून लांब ठेवायचे. सापळा हा मुख्य उपाय नाही, तो मोजमाप आहे. रोज सकाळी मोजा. आकडा उतरत असेल तर घर सापडलं. तसाच राहिला तर अजून एखादं घर शिल्लक आहे.

४. फवारा पूर्ण बंद. जिथे खाण्याचा माल उघडा असतो तिथे कीटकनाशक मारणं म्हणजे एक धोका काढून दुसरा आणणं.

५. आकडा शून्यावर आला तरी सापळे आणखी दोन आठवडे ठेवले. फटीत राहिलेला एखादा कोष उशिरा फुटतो.

हिशोब मांडू

भावनेने नको, आकड्याने बोलू.

– ७ किलो लाडू, ५६० रुपये किलोने : ३,९२० रुपये
– तीन दिवस बंद, रोजचे ४ किलो, किलोमागे २४० रुपये नफा : २,८८० रुपये
– साबण, ब्रश, व्हिनेगर, फवारा वगैरे : ३५० रुपये

एकूण ७,१५० रुपये. आणि मी वाचवायला गेलो होतो काय? एक जुना खोका.

दुकानदाराचं काय झालं? दोन सोमवार त्याने माल घेतला नाही. नंतर स्वतः फोन करून म्हणाला, "त्या दिवशी सांगितलंत म्हणून परत घेतोय." हे प्रत्येक वेळी होईलच असं नाही. गिऱ्हाईक जाऊही शकतं. पण चिलट त्याच्या दुकानात, यात्रेकरूच्या हातात निघालं असतं तर तो फोन आलाच नसता.

आमची आवक तपासणी : सात नियम

१. पार्सल दारातच उघडायचं. ओट्यावर, पडवीत, जिन्यात चालेल. स्वयंपाकघरात नाही.

२. आधी तळ बघायचा. खोक्याचा वरचा भाग सगळ्यांचा चांगला असतो. ओल, डाग, आंबूस वास, छोटी भोकं बघा.

३. उघडताना मोबाइलवर व्हिडिओ. माल खराब निघाला तर विक्रेत्याला दाखवायला पुरावा हवा. ओला माल ताबडतोब कळवा. "बघू नंतर" म्हणालात की हक्क गेला.

४. माल लगेच कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात. डब्यावर तारखेची चिठ्ठी. जो आधी आला तो आधी वापरायचा.

५. पाझरलेला माल वेगळा ठेवायचा नाही, काढायचा. "चहाला वापरू" हे वाक्य आमच्या घरात आता बंद आहे.

६. खोका त्याच दिवशी बाहेर. कोरडा असेल तर भंगारवाल्याला. खाण्याच्या मालाचा जुना खोका आपल्या पॅकिंगला परत वापरायचा नाही.

७. दहाव्या दिवशी फेरी. आवक वहीत तारीख लिहा आणि पुढच्या दहाव्या दिवशी खूण करा. त्या दिवशी मांडणीखाली, मोरीजवळ, डब्यांच्या मागे बॅटरी घेऊन बघा.

वहीत रकाने पाचच : तारीख, माल, कुठून आला, खोक्याची अवस्था, कुठे ठेवला. दोन मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे ही वही असती तर रविवारची वाट बघावी लागली नसती, शुक्रवारीच उत्तर सापडलं असतं.

अजून एक. तुमच्याकडे एफएसएसएआयची नोंदणी असेल तर २०११ च्या नियमांमधलं परिशिष्ट ४ एकदा वाचा. स्वच्छता आणि कीड नियंत्रणाच्या अपेक्षा त्यात दिल्या आहेत, आणि त्या घरगुती व्यावसायिकालाही लागू आहेत. पाकिटावरचा तो १४ आकडी नंबर म्हणजे ग्राहकाला दिलेला शब्द आहे. नोंदणी नसेल तर आधी ती करा, मग लाडू विका.

आजचा गृहपाठ

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. आपल्यातले कितीतरी जण त्यासाठी चिवडा, लाडू, पापड, प्रसादाचे डबे करायची स्वप्नं बघत आहेत. जरूर बघा. पण गर्दी वाढली की कच्चा माल वाढणार, पार्सलं वाढणार, कचरा वाढणार. ज्याची सवय आज दोन खोक्यांवर बसली आहे, तोच उद्या दोनशे खोके सांभाळू शकेल.

तर आज एवढंच करा. घरात या क्षणी किती रिकामे खोके पडून आहेत ते मोजा. प्रत्येकाचा तळ बघा. आणि वहीचं पहिलं पान आखून टाका.

किती खोके निघाले ते खाली खरं खरं लिहा. लाजू नका, माझ्याकडे त्या दिवशी अकरा निघाले होते!

भेटू पुढच्या धड्यात. विषय : परत आलेला माल हिशोबात कसा दाखवायचा.