डोंगरवाटेची सायकल

(सायकल घेताना आपण बहुधा तिचा रंग आणि तिच्यावरचे नाव पाहतो. डोंगरात चालवायची सायकल कशी तयार झाली, तिचे कोणते भाग पारखून घ्यावेत आणि तिच्याबरोबर कोणते साहित्य असावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जणांना सायकल चालवता येत असेल. काही जण सायकलवरूनच शाळेत येत असतील. सपाट डांबरी रस्त्यावर कोणतीही धड सायकल चालते. पण तीच सायकल घेऊन सह्याद्रीतल्या एखाद्या कच्च्या वाटेने किल्ल्याच्या पायथ्याकडे निघा. वाटेत दगडगोटे लागतात, पावसाळ्यात चिखल लागतो. चढावर दम लागतो आणि उतारावर सायकल आवरत नाही. अशा वाटेसाठी वेगळी सायकल लागते. तिला 'माउंटन बाइक' म्हणतात. आज ती शहरातल्या दुकानांत सहज दिसते. जाड टायर, पुष्कळ गिअर आणि भडक रंग यांमुळे ती लगेच नजरेत भरते. मग प्रश्न पडतो, की इतक्या कंपन्यांच्या सायकलींतून कोणती घ्यावी?

उत्तर शोधण्याआधी ही सायकल कशी तयार झाली ते पाहू. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला मरीन नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. 1970 नंतरच्या काही वर्षांत तेथील तरुणांना डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून सायकली भरधाव सोडण्याचा छंद लागला. पातळ टायरच्या शर्यतीच्या सायकली तेथे टिकत नसत. म्हणून त्यांनी 1930 ते 1940 च्या सुमारास बनलेल्या जाड टायरच्या, जड आणि मजबूत सायकली शोधून काढल्या.

या जुन्या सायकलींना हँडलवर ब्रेक नव्हता. पॅडल उलटे दाबले, की मागच्या चाकाच्या हबमध्ये ब्रेक लागे. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्यामुळे हब इतका तापे, की आतले ग्रीस धूर होऊन उडून जाई. खाली पोहोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. पुन्हा भरण्याला इंग्रजीत 'रीपॅक' म्हणतात. त्यावरून तेथील एका उताराचेच नाव 'रीपॅक' पडले. हा उतार सुमारे साडेतीन किलोमीटर लांब असून तेवढ्या अंतरात तो जवळजवळ 400 मीटर खाली येतो. 21 ऑक्टोबर 1976 रोजी तेथे पहिली शर्यत झाली. चार्ली केली हे या शर्यती भरवत असत. पुढे गॅरी फिशर यांनी हा उतार साडेचार मिनिटांच्या आत पार केला.

प्रत्येक शर्यतीनंतर काहीतरी मोडत असे आणि त्यातून काहीतरी सुधारत असे. ब्रेक तापतो, म्हणून जास्त चांगले ब्रेक आले. चढावर सायकल ढकलावी लागते, म्हणून गिअर आले. जुने सांगाडे तुटतात, म्हणून 1977 साली जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी नवा सांगाडा तयार केला. त्यांची ती सायकल आज वॉशिंग्टन शहरातील राष्ट्रीय संग्रहालयात ठेवली आहे. 1979 साली फिशर आणि केली यांनी 'माउंटनबाइक्स' याच नावाने व्यवसाय सुरू केला. त्यांच्यासाठी टॉम रिची हे सांगाडे बनवत. 1981 साली 'स्पेशलाइज्ड' या कंपनीने 'स्टंपजंपर' ही सायकल मोठ्या संख्येने बाजारात आणली. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. या सायकलीचा प्रत्येक भाग एखाद्या अडचणीवर उपाय म्हणून आला आहे. तेव्हा सायकल घेताना तो भाग आपले काम नीट करतो की नाही, हे पाहायचे असते.

आता नावाचा विचार करू. सायकलच्या दांडीवर एका कंपनीचे नाव असते. पण सारे भाग त्याच कंपनीने बनवलेले असतात का? बहुधा नाही. जपानमधील साकाई शहरात 1921 साली सुरू झालेली 'शिमानो' कंपनी गिअर आणि ब्रेक बनवते. जगातल्या कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या सायकलींवर हेच गिअर बसवलेले असतात. सांगाड्याचेही तसेच आहे. तैवानमधील 'जायंट' कंपनी 1972 साली निघाली. आरंभी ती दुसऱ्या कंपन्यांसाठी सायकली बनवत असे. 1981 पासून ती स्वतःच्या नावाने सायकली विकू लागली. म्हणजे नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचे, असे अनेकदा घडते.

आपल्या देशातही मोठमोठे कारखाने आहेत. लुधियान्याच्या हीरो कंपनीने 1956 साली सायकली बनवण्यास सुरुवात केली. मद्रास म्हणजे आजच्या चेन्नईत 1949 साली टी.आय. कंपनी सुरू झाली. हर्क्युलिस आणि बी.एस.ए. ही नावे तुमच्या आजोबांनाही ठाऊक असतील. सोनीपतची ॲटलस कंपनी 1951 सालची. तिचा साहिबाबाद येथील कारखाना जून 2020 मध्ये बंद पडला. तरी जुन्या ॲटलस सायकलचे टायर, साखळी आणि छर्रे गल्लीतल्या दुकानात मिळतात, कारण त्यांची मापे सर्वत्र चालणारी आहेत. यावरून काय शिकावे? ज्या सायकलचे सुटे भाग आपल्या गावात मिळतात आणि जी आपला मिस्त्री दुरुस्त करू शकतो, ती आपल्या उपयोगाची. मोठ्या नावाची, पण सुट्या भागासाठी महिनाभर अडून राहणारी सायकल काय कामाची?

मग नावाला काहीच महत्त्व नाही का? आहे. चांगली कंपनी सांगाड्याची हमी लेखी देते आणि तक्रार केल्यावर ऐकून घेते. म्हणून हमीपत्र मागून वाचावे. मात्र नाव ही निवडीची शेवटची पायरी आहे. पहिल्या पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली पायरी मापाची. सायकलच्या मधल्या दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर उभे राहा. दांडी आणि आपले शरीर यांत निदान पाच सेंटिमीटर अंतर हवे. खडकाळ वाटेवर एकदम उतरावे लागले, तर या अंतरामुळे इजा टळते. मग सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. 'मुलगा वाढतोय, मोठीच घेऊ' असे घरचे म्हणतात. परंतु न पेलणारी सायकल उतारावर धोक्याची ठरते.

दुसरी पायरी ब्रेकची. रिमवर रबर घासणारे ब्रेक स्वस्त व दुरुस्तीला सोपे असतात. पण रिम चिखलाने माखली, की ते कमी लागतात. डिस्क ब्रेकची चकती चाकाच्या मध्याजवळ, चिखलापासून दूर असते. म्हणून ते पावसातही चांगले चालतात. तरीही केवळ चकती दिसली म्हणून फसू नका. हलक्या प्रतीच्या डिस्कपेक्षा चांगले रबरी ब्रेक बरे. सायकल हाताने पुढे ढकला आणि ब्रेक दाबा. ब्रेकची मूठ हँडलला टेकण्याआधी चाक थांबलेच पाहिजे.

तिसरी पायरी गिअरची. थोडे गणित करू. पुढच्या चक्राला 42 दाते आणि मागच्याला 14 दाते असतील, तर पॅडलच्या एका फेरीत मागचे चाक तीनदा फिरते. 26 इंची चाकाची सायकल तेवढ्यात सुमारे सहा मीटर पुढे जाते. सपाट रस्त्याला हे ठीक आहे. आता पुढे 22 आणि मागे 33 दाते घ्या. चाक पूर्ण एकदाही फिरत नाही. सायकल जेमतेम दीड मीटर सरकते. पण जोर फार कमी लागतो. चढावर हाच गिअर उपयोगी पडतो. म्हणजे 'एकवीस गिअर आहेत' एवढे ऐकून भागत नाही. सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, ते विचारा.

चौथी पायरी चिमटा आणि टायर यांची. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग असेल, तर धक्के कमी बसतात. परंतु स्वस्त सायकलींत पुढे आणि मागे दोन्हीकडे स्प्रिंग बसवल्या, तर वजन वाढते आणि इतर भागांवरचा खर्च कापला जातो. एकाच किमतीच्या दोन सायकली तुमच्यापुढे आहेत, असे समजा. एकीला दोन चमकदार स्प्रिंग आणि कच्चे ब्रेक आहेत. दुसरी साधी आहे, पण तिचा सांगाडा हलका, ब्रेक घट्ट आणि टायर चांगले आहेत. जाणकार माणूस दुसरीच घेईल. जाड, खाचांच्या टायरमध्ये हवाही फार कडक भरू नये. हवा थोडी कमी असली, की टायर जमिनीला जास्त चिकटतो.

काही सायकली फक्त दिसायला डोंगरी असतात. त्यांच्या माहितीपुस्तिकेत 'कच्च्या वाटेवर वापरू नये' अशी सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते. पैसे देण्यापूर्वी ती वाचा. जुनी सायकल घेत असाल, तर सांगाड्याचे सांधे कापडाने पुसून पाहा. रंगाखाली बारीक चीर दिसली, तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती सायकल घेऊ नका.

आता साहित्याविषयी. पहिले साहित्य म्हणजे हेल्मेट. त्याच्या आत थर्माकोलसारखा थर असतो. डोके आपटले, की तो थर स्वतः दबतो आणि कवटीवरचा आघात कमी करतो. म्हणूनच एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे यावे. पट्टे कानाखाली मिळावेत आणि हनुवटीखाली बंद व्हावेत. मागे कलंडलेले हेल्मेट कपाळ वाचवत नाही. यानंतर हातमोजे, पंप, जादा ट्यूब, पंक्चरचे सामान, पाना आणि पाण्याची बाटली घ्यावी. डोंगरात पंक्चरचे दुकान नसते.

सायकलसाठी घरात जे पैसे बाजूला ठेवले जातात, ते कुणाच्या तरी कष्टाचे असतात. ते चार हजार असोत की चाळीस हजार, हेल्मेटचे पैसे त्यातून आधीच वेगळे काढावेत आणि उरलेल्या रकमेत सायकल बसवावी. पुष्कळ जण नेमके उलट करतात. सारा पैसा सायकलवर खर्च होतो आणि हेल्मेट 'पुढच्या महिन्यात' राहते. उतार मात्र पुढच्या महिन्याची वाट पाहत नाही.

तेव्हा मित्रांनो, दुकानात जाल तेव्हा आधी दांडीवर उभे राहा, मग ब्रेक दाबा, मग दाते मोजा. दांडीवरचे नाव सर्वांत शेवटी वाचा.

शब्दार्थ

पारखणे – नीट तपासणे, परखना
सांगाडा – सायकलची चौकट, ढाँचा
चिमटा – पुढचे चाक धरणारा दोन पायांचा भाग
छर्रे – चाकात बसवलेल्या लहान पोलादी गोळ्या
हमीपत्र – खात्रीचा कागद, ज़मानतनामा
इजा – दुखापत, चोट
आघात – जोराचा मार, सदमा
चीर – बारीक भेग, दरार
जाणकार – माहीतगार, वाक़िफ़कार
न पेलणे – झेपत नसणे

स्वाध्याय

प्रश्न 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रीपॅक उतारावर पहिली शर्यत कधी झाली?
(आ) जो ब्रीझ यांनी कोणत्या साली नवा सांगाडा तयार केला?
(इ) शिमानो कंपनी कोणते भाग बनवते?
(ई) हेल्मेट भुवयांच्या किती वर असावे?

प्रश्न 2. कारणे लिहा.
(अ) उताराचे नाव 'रीपॅक' पडले.
(आ) डिस्क ब्रेक चिखलातही चांगले चालतात.
(इ) जोराचा मार बसलेले हेल्मेट बदलावे.

प्रश्न 3. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सायकलवरच्या नावाला किती महत्त्व द्यावे, असे लेखकाला वाटते?
(आ) सायकलचे माप कसे तपासावे?

प्रश्न 4. गणित करा.
पुढच्या चक्राला 36 आणि मागच्या चक्राला 18 दाते आहेत. पॅडलच्या एका फेरीत मागचे चाक किती वेळा फिरेल? हा गिअर सपाट रस्त्यासाठी योग्य की उभ्या चढासाठी?

भाषाभ्यास

दुकान, जमीन, हवा, किंमत, खर्च, जोर, कारखाना, मजबूत हे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही. काही शब्दांचा अर्थ मात्र मराठीत थोडा बदलला आहे. उर्दूत 'शर्त' म्हणजे अट किंवा पैज. मराठीत 'शर्यत' म्हणजे धावण्याची किंवा वेगाची चढाओढ. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

उपक्रम

आपल्या गल्लीतील सायकल मिस्त्रींना भेटा. कोणते भाग सर्वांत लवकर झिजतात, ते विचारा आणि त्यांची यादी मराठीत तयार करून वर्गात वाचून दाखवा.