विंडो सरळ करा, मान वाकडी करू नका

पडद्याच्या एका बाजूला एक्सेल आणि दुसऱ्या बाजूला हिशेबाचा प्रोग्राम उघडून दिवसभर काम करणारे अनेक जण आपल्या आसपास आहेत. लेखापाल, भाषांतरकार, डिझायनर, घरून काम करणारे अभियंते, या सगळ्यांचे काम दोन विंडो शेजारी शेजारी नीट बसण्यावर अवलंबून असते. एखाद्या सकाळी अपडेट होते आणि कडेला ओढलेली विंडो अर्ध्या पडद्यावर बसेनाशी होते. कधी ती दुसरीच्या अंगावर चढते, कधी तिचा अर्धा भाग पडद्याबाहेर जातो. हातातले काम तर थांबवता येत नाही, म्हणून माणूसच जुळवून घेतो. मान एका बाजूला वळते, अक्षरे बारीक केली जातात, डोके पुढे येते, माउसची ओढाताण वाढते. काही दिवसांत मान आखडते, मनगट दुखते, डोळे चुरचुरतात.

दवाखान्यात आल्यावर बहुतेक जण उशीला किंवा एसीला दोष देतात. संगणकावर नुकते काय बदलले, हे कुणी आपणहून सांगत नाही. माझा सल्ला असा की, दुखणे अपडेटनंतर सुरू झाले असेल तर गोळी घेण्याआधी पडद्याची मांडणी तपासा.

दुखते कशामुळे?

मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो असते. डोके पुढे झुकले की मानेवरचा भार वाढतो. न्यूयॉर्कचे मणक्यांचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिती प्रारूपावरून मांडलेल्या हिशेबानुसार हा भार १५ अंशांच्या झुकावाला सुमारे १२ किलो, तर ६० अंशांना सुमारे २७ किलो होतो. हे आकडे गणिताचे आहेत, प्रत्यक्ष माणसाच्या मानेत मोजलेले नाहीत. पण मान जितकी झुकेल तितके स्नायूंना जास्त ओढून धरावे लागते, एवढे त्यातून स्पष्ट होते.

मान तासन्‌तास एकाच बाजूला वळलेली राहिली तर त्या बाजूचे स्नायू सतत ताणलेले राहतात, त्यांना विश्रांती मिळत नाही आणि तिथे गाठीसारखा कडकपणा येतो. विंडोची बारीक कड माउसने पकडून ओढणे हे नाजूक काम आहे. ते दिवसभर करत राहिल्यास मनगट आणि कोपराजवळच्या स्नायूबंधांवर ताण येतो. बारीक अक्षरांकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात.

आधी विंडो नीट करू

तपासणी सोप्या गोष्टीपासून सुरू करावी. नोटपॅड उघडा आणि विंडोज कळ दाबून डावा किंवा उजवा बाण दाबा. नोटपॅड अर्ध्या पडद्यावर नीट बसले तर संगणकाची व्यवस्था ठीक आहे, दोष त्या एका प्रोग्रामचा आहे. नोटपॅडही बसत नसेल तर सेटिंग्ज, सिस्टम, मल्टिटास्किंग या क्रमाने जाऊन ‘स्नॅप विंडोज’ चालू आहे का ते पाहा. मॅकवर ही सोय २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीपासून आली. तिथे सिस्टम सेटिंग्जमध्ये ‘डेस्कटॉप अँड डॉक’ उघडून विंडोविषयीचे पर्याय तपासावेत.

दोष एकाच प्रोग्रामचा असेल तर डिस्प्लेच्या सेटिंग्जमधील ‘स्केल’ पाहा. पडद्याची रुंदी १९२० पिक्सेल आणि स्केल १५० टक्के असेल, तर प्रोग्रामच्या हिशेबी रुंदी १२८० उरते आणि अर्ध्या भागाला ६४० मिळतात. प्रोग्रामची किमान रुंदी त्याहून जास्त असली की तो अर्ध्यात मावत नाही आणि शेजारच्या विंडोवर सरकतो. अपडेटमध्ये प्रोग्रामला नवी बाजूपट्टी आली असेल तरी हेच घडते. बाजूपट्टी मिटवा, त्या प्रोग्रामला अर्ध्याहून मोठी जागा द्या किंवा स्केल १२५ टक्के करून पाहा. अक्षरे लहान वाटू लागली तर कंट्रोल आणि अधिकची कळ दाबून ती प्रोग्रामच्या आतच मोठी करा. जागा वाचवण्यासाठी डोळ्यांना त्रास देऊ नका.

विंडोज ११ मध्ये विंडो मोठी करण्याच्या चौकोनावर माउस नेला की मांडणीचे नमुने दिसतात. स्वतःची वेगळी शीर्षकपट्टी असलेल्या काही प्रोग्राममध्ये ते दिसत नाहीत, तेव्हा विंडोज कळ आणि झेड दाबून पाहा. पॉवरटॉइजमधील फॅन्सीझोन्ससारखे साधन चालू असेल तर तेही बाणांच्या कळा आपल्या ताब्यात घेऊ शकते. ते थोडा वेळ बंद करून फरक पडतो का बघा. विंडो पडद्याबाहेर गेली असल्यास ऑल्ट आणि स्पेसबार दाबा, मग एम दाबून बाणाच्या कळेने ती आत आणा. प्रोग्रामच्या आतली पॅनेल विस्कटली असतील तर बऱ्याच प्रोग्राममध्ये विंडो किंवा व्ह्यू या मेनूत मूळ मांडणी परत आणण्याचा पर्याय असतो. एवढे करूनही जमले नाही तर संगणक पुन्हा सुरू करा आणि कार्यालयातील तंत्रज्ञांकडे लेखी तक्रार द्या.

विंडो कळांनी बसवण्याची सवय कायमची लावून घ्या. माउसची ओढाताण त्यामुळे पुष्कळ कमी होते.

मांडणी शरीराच्या सोयीची हवी

ज्या विंडोकडे सर्वांत जास्त वेळ पाहता, ती अगदी नाकासमोर घ्या. संदर्भाची विंडो बाजूला ठेवा. दोन मॉनिटर असतील आणि दोन्हींचा वापर सारखाच असेल तर त्यांचा सांधा समोर यावा. पडदा हातभर अंतरावर, साधारण ५० ते ७० सेंटिमीटर, आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणारे खालच्या भिंगातून वाचण्यासाठी हनुवटी वर करतात, त्यांनी पडदा आणखी खाली घ्यावा. लॅपटॉप उंचावर ठेवून कीबोर्ड आणि माउस वेगळे जोडावेत.

दर २० मिनिटांनी २० फूट, म्हणजे सुमारे सहा मीटर, दूर २० सेकंद पाहा आणि पापण्या मुद्दाम मिटा. अर्ध्या तासाने एकदा उठून चार पावले चाला. हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरणे आणि खांद्याची पाती मागे जवळ आणणे हे दोन व्यायाम दिवसातून दोन-तीनदा, प्रत्येकी आठ-दहा वेळा करा. दुखत असेल तर थांबा. आखडलेल्या मानेला दहा मिनिटांचा कोमट शेक पुरतो.

सलूनमध्ये मान मोडून घेऊ नका. अशा झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. वेदनाशामक गोळ्याही मनाने घेत राहू नका. मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा पोटात अल्सर असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. मानेचा पट्टा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नये.

डॉक्टरांकडे कधी जावे?

मांडणी सुधारल्यावर साधी मानदुखी बहुधा काही दिवसांत ओसरू लागते. दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल तर तपासून घ्या. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन रात्री झोप मोडत असेल तर मनगटातील नस दाबली गेलेली असू शकते. मधुमेह, थायरॉइड आणि ब जीवनसत्त्व १२ ची कमतरता यांचाही त्यात विचार करावा लागतो. हातातली ताकद कमी होणे, शर्टाची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे किंवा तापासोबत मान ताठरणे, यांपैकी काहीही जाणवले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दडपण, घाम आणि डाव्या हातात कळ असेल तर संगणकाचा विचार सोडून तातडीने रुग्णालयात जा.

कार्यालयातील वरिष्ठांना माझी विनंती आहे. मोठे अपडेट होईल त्या दिवशी प्रत्येक कर्मचाऱ्याला पडदा आणि विंडो नीट लावून घ्यायला निवांत वेळ द्या. आणि वाचकहो, डॉक्टरांना दुखणे सांगाल तेव्हा ते कोणत्या दिवशी सुरू झाले आणि त्याच सुमारास संगणकावर काय बदलले, हेही नक्की सांगा. नेमके निदान करायला त्याची मोठी मदत होते.