त्याच्या हातात परात दे

चि. मुग्धास,


मुलांना घरकाम शिकवायला हवं हे तुला पटतं, अडतं ते वेळेपाशी, असं तू लिहिलं आहेस. सकाळचे डबे, शाळेची बस, तुम्हा दोघांची ऑफिसं, संध्याकाळचे क्लास. यात आणखी एक शिकवणी बसवायची कुठे, हा प्रश्न रास्तच आहे. पण ही शिकवणी वेगळी बसवायचीच नसते. स्वयंपाक, कपडे, बाजारहाट ही कामं घरात रोज होतातच. मुलाला त्यात घेतलं की पंधरा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो. तुला वेळ काढायचा आहे तो या वरच्या पंधरा मिनिटांपुरता. आणि तो मुलाला हौस आहे तोवरच काढायला हवा. जर्मनीत लाइपझिगला फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांनी केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात जेमतेम दीड वर्षाची मुलं अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देत होती, त्याचे हात भरलेले असले तर कपाटाचं दार उघडून देत होती. बक्षिसाचं आमिष नसताना. मदतीची ओढ मुलात मुळातच असते. ‘तू नको, सांडशील’ असं आपण वर्षानुवर्षं म्हणत राहतो, आणि बाराव्या वर्षी तो जागचा हलत नाही म्हणून चिडतो.

कामातून शिकायचं ते काय, असं विचारशील, तर कणीक मळणंच बघ. पाणी एकदम ओतलं की पीठ बोटांना चिकटतं, मग वरून कोरडं पीठ घालावं लागतं, ते जास्त झालं की पुन्हा पाणी. चौघांची कणीक सहा जणांना पुरेल एवढी होते. पण पुढच्या खेपेला तोच हात पाणी थोडं थोडं घालतो. अंदाज घेणं, चूक निस्तरणं, हातातलं काम शेवटाला नेणं, हे सगळं त्या एका परातीत आलं, आणि चूक दाखवून द्यायला कुणाला रागवावं लागलं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला, किंवा माँटेसरींच्या बालघरात झाडणं-पुसणं हा अभ्यासाचाच भाग होता, तो याच विचाराने. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं. त्या मानाने तुझ्या ओट्यावर साहित्य भरपूर आहे.

अभ्यास बुडेल ही भीती मला फारशी खरी वाटत नाही. रोजच्या अर्ध्या तासाने कुणाचे मार्क जात नाहीत. उलट उद्या शिक्षणासाठी होस्टेलवर गेलेल्या मुलाला स्वतःचे कपडे धुता आले नाहीत, तर त्याचं अडतं रोजच. धोक्याचा मुद्दा मात्र खरा आहे, म्हणून क्रम सांभाळ. आधी मेथी निवडणं, मटार सोलणं, मग बोथट सुरीने केळं कापणं, आणि गॅस, कुकर त्यानंतर, तेही तू शेजारी उभी असताना. कुकरची वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हे आधी पक्कं होऊ दे. कामाला मावशी येतात, मग मुलांनी कशाला करायचं, असं घरात कुणी म्हणेल. आपण केलेला पसारा दुसऱ्या कुणीतरी आवरायचा असतो, ही समजूत मुलात रुजते ती तिथेच. कामाचे पैसे मात्र देऊ नकोस. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनाच २००८ साली असं दिसलं, की मदतीबद्दल बक्षीस मिळालेली लहान मुलं पुढे कमी मदत करतात. साधी शाबासकी पुरे.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. मुलीला हे सगळं कुणीतरी शिकवतंच, वगळला जातो तो मुलगा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. ही तफावत भाषणांनी कमी होणार नाही. ती मुलगा सात-आठ वर्षांचा असताना स्वयंपाकघरातच कमी होईल. म्हणून दोघा भावंडांना कामं सारखी वाटून दे आणि दर महिन्याला अदलाबदल कर. दिलेलं काम पूर्ण त्यांचंच असू दे. घडी वाकडी झाली तरी पाठीमागून जाऊन नीट करू नकोस; ती तशीच कपाटात गेली तर बिघडत नाही, पण आपलं काम कुणी पुन्हा केलं हे मुलाला कळलं, की त्याचं मन त्यातून उडतं.

सगळं एकदम सुरू करू नकोस. येत्या रविवारी दोघांना एकेक काम नेमून दे, ते महिनाभर त्यांच्याकडेच ठेव, आणि त्या वेळी तुझी घाई बाजूला ठेव. एवढं नेटाने कर.

तुझा,
मामा