जाफराबादच्या विहिरीत दोन तऱ्हांचा खडक का?

प्रश्न : जाफराबाद परिसरात विहीर खोदताना कुठे अखंड काळा पाषाण लागतो, तर कुठे भोकाभोकांचा मऊ खडक. इथे कधी ज्वालामुखी होता का?

उत्तर : दोन्ही खडक बेसाल्टच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या लांबलचक भेगांतून लाव्हा उसळला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले. त्यासाठी गावाजवळ शंकूसारखा डोंगर असावा लागत नाही. या लाव्ह्यात सिलिका जेमतेम पन्नास टक्के असल्याने तो पातळ होता; वायू सहज निसटले आणि प्रवाह दूरवर पसरले. घट्ट लाव्ह्यात वायू कोंडून स्फोट होतो. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पॉम्पेई गाडले, ते अशाच स्फोटक उद्रेकात.

फरक एकाच प्रवाहाच्या आत पडतो. माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकून खडक सच्छिद्र होतो. पुढे त्या पोकळ्यांत झिरपत्या पाण्यातून झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी साचते. विहीर खोदणारे यालाच मांजऱ्या म्हणतात. पोटातला लाव्हा सावकाश थिजून घन पाषाण बनतो आणि आकसताना त्याला उभ्या भेगा पडतात. दोन प्रवाहांमधला तांबडा थर म्हणजे पुढचा लाव्हा येण्याआधी झालेली झीज.

पाण्याच्या दृष्टीने हा भेद फार मोलाचा आहे. घन पाषाणात पाणी फक्त भेगांतून येते. झिजलेला सच्छिद्र भाग ते अधिक साठवतो. म्हणून खोदाईआधी शेजारच्या विहिरींचे थर जरूर पाहावेत.

लोणारचे विवर मात्र ज्वालामुखीचे नव्हे. ते याच बेसाल्टवर झालेल्या उल्कापाताने पडले.