‘नॅचरल’ कॅप्सूल आणि ह्यांचं इंजेक्शन

ह्यांना मायलोमा, म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर. बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, पोटावर, दर आठवड्याला. ते सुरू झालं नाही तोच सोसायटीतल्या एक बाई ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलचा डबा घेऊन दारात हजर. ‘कॅन्सरच्या पेशी मरतात वहिनी, नॅचरल आहे.’ मी तेव्हाच म्हटलं, डॉक्टरांना विचारते. तर म्हणाल्या, ‘त्यांना यातलं काय कळतं? ते नाहीच म्हणणार.’ सासूबाईंना पटलं, आणि घरात माझं एकटीचं चाललं नाही.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, ‘आणखी काही घेता?’ हे गप्प. मी पर्समधला डबा काढून टेबलावर ठेवला. लेबल वाचता वाचता ते ‘ईजीसीजी’वर थांबले. ‘हे आजपासून बंद.’ बोर्टेझोमिबमध्ये बोरॉन असतो आणि ग्रीन टीतलं हे द्रव्य नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं, मग औषधाचं कामच अडतं. २००९ साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी हे प्रयोगशाळेत आणि उंदरांवर दाखवलंय. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. इंजेक्शनसाठी एफडी मोडली होती आम्ही, आणि त्याच इंजेक्शनला अडवणारी गोळी रोज सकाळी पाण्याबरोबर गिळत होते!

बाईंना सांगितलं, तर ‘मग इंजेक्शनच्या दिवशी घेऊ नका.’ वर सोसायटीच्या ग्रुपवर ‘निगेटिव्ह माणसांपासून लांब राहा’ असा मेसेज. नाव नव्हतं, पण सगळ्यांना कळलं.

तुमच्या घरी उपचार चालू असतील तर डबाच डॉक्टरांपुढे ठेवा, नुसतं ‘हर्बल आहे’ सांगून भागत नाही. बोर्टेझोमिब चालू असताना व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत. ग्रीन टीचा कप आणि कॅप्सूल एक समजू नका. कॅप्सूलमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर यकृताला धोका संभवतो, असं युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्येच सांगितलंय. लोहाच्या गोळ्या असतील तर कुठलाही चहा त्यांच्याबरोबर नको, लोह नीट शोषलं जात नाही. उपचार संपल्यावरही ग्रीन टीचा पहिला कप डॉक्टरांना विचारूनच.

आणि कोणी ‘डॉक्टरांना सांगू नका’ म्हटलं की तिथेच दार लावा. उरलेल्या कॅप्सूलचे पैसे मी त्या बाईंकडे मागितलेत. लिफ्टमध्ये मी दिसले की त्या आता जिन्याने जातात.